मॅडम शेवटच्या बसने आल्या

सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की मला नाशिकचा तो वर्ग आठवतो. एका सेवाभावी क्लबने शेतमजुरांच्या मुलामुलींना मोबाइल दुरुस्ती फुकट शिकवायला घेतली होती, आणि मी दिंडोरीजवळच्या आमच्या वस्तीवरून रोज एसटीने जायचे. थंडीत अंधार लवकर पडायचा. मला उशीर झाला की वडील बागेतलं काम टाकून फाट्यावर येऊन उभे राहायचे. एकदा म्हणाले, "बास झालं आता. पोरीच्या जातीला लय लांब पडतं." दुसऱ्या दिवशी मी वर्गात रडत हे सांगितलं, तर क्लबच्या साठीतल्या मॅडम पर्स उचलून माझ्याबरोबर बसमध्येच चढल्या. घरी त्यांनी आईच्या हातची भाकरी आणि ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी येत असतानाही पुन्हा वाढून घेतला, आणि वडिलांना म्हणाल्या, "हिचा हात चांगला आहे हो, मध्येच सोडवू नका." वडिलांनी विचारलं, "तुम्ही परत कशा जानार? ही शेवटची गाडी व्हती." मॅडम गोंधळल्या. "अगं बाई, ते माझ्या लक्षातच आलं नाही." वडिलांनी मोटारसायकल काढली, त्यांना थेट नाशिकला घरी सोडून आले आणि जेवायला बसताना मला म्हणाले, "ज्या बाईला सोताच्या परतीची काळजी नाय पन तुझी हाय, तिच्याकडं जात जा." आता पंचवटीत माझं छोटं दुकान आहे, आणि फोन बिघडलेला नसला तरी मॅडम अधूनमधून तो मला दाखवायला आणतात.