नणंदेला अनुमान आला

माझी नणंद बेचाळीस वर्षांची. गेली अकरा वर्षं ती आमच्या सरस्वतीपुरमच्या एका बालवाडीत आयाचं काम करत होती. मुलांच्या बाटल्या भरायच्या, नाकं पुसायची आणि आत मिस 'ए फॉर ॲपल' शिकवत असल्या की दाराशी स्टुलावर बसायचं. ते दार तिला ओलांडायचं होतं. बालवाडी-शिक्षिकेचा कोर्स तिनं केला, सगळे पेपर सुटले, इंग्रजीचा तेवढा दोनदा राहिला. आता तिसरी संधी, आणि शेवटची. मुख्याध्यापिकाबाईंनी सांगून टाकलं होतं, यंदा सुटलात तर जूनपासून वर्ग तुमचा.

म्हणून ती माझ्याकडे आली. मी साताऱ्याची. पंचवीस वर्षांपूर्वी लग्न होऊन म्हैसूरला आले, ती सामानात शुद्ध मराठी घेऊन. सासरची मंडळी कितीतरी पिढ्यांची इथली. वाक्य मराठीत सुरू करतात, कन्नडातून फिरवून आणतात आणि आलंच तर मराठीत संपवतात. मी ते आल्या दिवसापासून दुरुस्त करते आहे. त्यात मी कॉलेजात इंग्रजी शिकवणारी. नणंद अशी अलगद हातात सापडल्यावर मला कोण आनंद!

मी तिला दोन रकान्यांची वही करून दिली. डावीकडे घरचे शब्द, उजवीकडे परीक्षेचे. गिव्हच्या समोर प्रोव्हाइड, शोच्या समोर डेमॉन्स्ट्रेट. रोज पाच शब्द, आणि ते दिवसभर वापरायचे. चौथ्या दिवशी तिनं माझ्या नवऱ्याला सांगितलं, "अण्णा, प्लीज डेमॉन्स्ट्रेट मी दि शुगर." त्यानं साखरेचा डबा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून सगळ्यांना दाखवला आणि परत फळीवर ठेवला.

दुसऱ्या आठवड्यात 'इन्फर' आला. परीक्षेत हमखास विचारतात, उतारा वाचून काय इन्फर करता? मी उजव्या रकान्यात 'इन्फर' लिहिलं, त्याच्यापुढे सुवाच्य अक्षरात 'अनुमान' लिहिलं आणि सरावाला एक उतारा रचून दिला. वडील संध्याकाळी घरी येतात. चपलांना माती, पाय दुखतायत, हातात प्रसादाची पुडी. वडील कुठे गेले असावेत? उत्तर सरळ होतं, डोंगरावरच्या देवळात. आम्ही सगळे बेट्टदपुरच्या पायऱ्या चढून असेच तर घरी येतो.

तिनं लिहिलं, "आय हॅव डाउट ऑन फादर. ही इज नॉट गोइंग टु टेंपल. इफ टेंपल, व्हेअर इज कुंकुम?"

"अगं, हे काय लिहिलंस? बिचारा देवदर्शन करून आलाय!"

"तुम्हीच लिहिलंय, अनुमान. मला आला अनुमान, मी लिहिला."

"अनुमान येत नाही, काढतात! आणि ते अनुमान असतं, नपुंसकलिंगी..."

"अय्यो वैनी, लिंग बिंग राहू द्या. त्या माणसाचं काहीतरी आहे."

आतल्या खोलीतून नवऱ्याचं हसू फुटलं. तो बाहेर येऊन म्हणाला, "अगं, कन्नडात अनुमान म्हणजे संशय. आमच्या घरातही तेच."

मी पेन खाली ठेवलं. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात सासूबाई बाजारातून अंधार पडल्यावर आल्या होत्या. मी दार उघडून माझ्या शुद्ध मराठीत म्हटलं होतं, "आई, माझं अनुमान होतंच." त्यानंतर दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नव्हत्या. कारण मला पंचवीस वर्षांनी कळलं, आणि सांगायला आता त्या नाहीत.

मी वहीतलं 'अनुमान' खोडलं. त्याच्या जागी काय लिहावं ते मात्र सुचेना. नणंद खिडकीत जाऊन उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, "समोरच्यांकडे पाहुणे आलेत. मुक्कामाला."

"कशावरून?"

"बाल्कनीत दोन टॉवेल जास्त आहेत."

"मग मुक्कामाला कशावरून? जेवून जातील."

"जेवायला आलेले अंघोळ करतात का, वैनी?"

"हेच!" मी खुर्चीवरून उठलेच. "हेच इन्फर!"

"हे? ह्याला इंग्लिशमध्ये एवढं चांगलं नाव आहे? आई तर म्हणायची, लोकांच्या घरात बघू नको."

मग परीक्षेपर्यंत आम्ही दोघी रोज त्या खिडकीत. ती बघायची, मी इंग्रजी करून घ्यायची. देअर आर टू एक्स्ट्रा टॉवेल्स. देअरफोर, दि गेस्ट्स आर स्टेइंग. 'देअरफोर' तिला इतका आवडला, की भाजीवाल्यासमोरही ती तो वापरू लागली. त्या काळात समोरच्यांनी बाल्कनीला पडदा लावला. त्यावरूनही आम्ही एक वाक्य केलं.

पेपर देऊन आली तेव्हा मी विचारलं, "इन्फर आलं होतं?"

"आलं होतं."

"काय लिहिलंस?"

"सांगत नाही. तुम्ही दुरुस्त कराल."

मग महिनाभर मी निकालाचं विचारत राहिले आणि ती "अजून नाही" म्हणत राहिली. जूनमधल्या एका दुपारी ती दारात उभी राहिली, चपलाही न काढता. तिनं उजवा हात माझ्या नाकासमोर धरला.

"वैनी, इन्फर करा."

हाताला पांढरं काहीतरी लागलं होतं. मी घसा साफ केला, चष्मा लावला. "पीठ. गिरणीतून येते आहेस."

"शून्य मार्क. पीठ सगळ्या तळव्याला लागतं. नीट बघा, अंगठा आणि दोनच बोटं. देअरफोर?"

मी ती तीन बोटं धरली. खडू होता. "देअरफोर..." म्हटलं, आणि कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या मला पुढचं वाक्य काही पुरं करता येईना.

तिनं चपला काढल्या, आत येऊन माझ्याच खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "चहा टाका, वैनी. मिस दमल्यात."