आर्लिसने दाबलेला होकार

आर्लिस हाउगेनच्या हातांना माशांचा वास कधी येत नसे, पाण्याचा येई. एकेचाळीस वर्षं ती जिवंत आमिषाच्या टाक्यांत हात घालत आली होती. बारके मासे डझनावारी विकायचे. ती जाळी एकदाच बुडवी आणि जाळीत बारा मासे असत. कधी तेरावा आलाच तर "हा माझ्याकडून. मोठ्याला बोलवायला पाठवलाय म्हणून सांग," म्हणत तोही पिशवीत सोडी. आमच्या गावात या विनोदाला दर वसंतात नव्याने हसायची पद्धत होती.

मी तिच्या दुकानासमोर राहतो. शाळेची बस चालवायचो. बस सोडल्यावर सकाळची कॉफी तिच्या गल्ल्याजवळच्या उंच स्टुलावर बसून घ्यायला लागलो. तिचा नवरा रॉय तोवर गेलेला होता. लोक आमच्याबद्दल काय बोलत ते आम्हाला माहीत होतं. त्यात तथ्य नव्हतं, आणि आम्ही ते नाकारतही नव्हतो. उत्तरेकडचा हिवाळा लांब असतो, लोकांना बोलायला काहीतरी लागतं.

ती मासेमारीचे आणि शिकारीचे परवाने विकायची. सरकारच्या वन्यजीव खात्याने दिलेलं यंत्र गल्ल्यावर होतं. त्यात नाव, जन्मतारीख, पत्ता, उंची, डोळ्यांचा रंग भरायचा. सगळ्यात शेवटी पडद्यावर एक प्रश्न यायचा. आपलं नाव आणि पत्ता निसर्गरक्षणाचं काम करणाऱ्या संस्थांना दिला तर चालेल का? हो. नाही. नियम असा की पडदा गिऱ्हाईकाकडे वळवायचा, प्रश्न वाचून दाखवायचा आणि उत्तर गिऱ्हाईकाने द्यायचं.

आर्लिस प्रश्न वाचत नसे. ती 'हो' दाबून मोकळी होई.

यात तिला काही चुकीचं वाटत नव्हतं, आणि मलाही नाही. त्यामागे रॉय होता. आमच्या तळ्याच्या उत्तरेच्या खाडीतली दलदल एके काळी बुजवून टाकलेली होती. रॉयने आणि आणखी आठ-दहा जणांनी पाणथळ जागा वाचवणाऱ्या मंडळाची शाखा काढली, बांध फोडले, पाणी परत आणलं. सहाव्या वर्षी तिथे रानतांदूळ उगवला. सातव्या वर्षी बदकं उतरली, तेव्हा रॉय किनाऱ्यावर उभा राहून रडला होता. मी पाहिलंय. हे सगळं मंडळाच्या दरवर्षीच्या मेजवानीच्या तिकिटांवर आणि वर्गणीवर चाललं, आणि वर्गणीला माणसं लागतात. परवाना घेणारा माणूस आपलाच, पाण्यावर त्याचं प्रेम आहे म्हणूनच तो आला, त्याला काय विचारायचं, असं तिचं म्हणणं. तीन वर्षं लागोपाठ सगळ्यात जास्त नावं तिच्या दुकानातून गेली. मंडळाने तिला लाकडी बदक दिलं. शाखेचा अध्यक्ष मर्व्ह स्टेनस्रूड ते देताना म्हणाला, "आर्लिसच्या तडाख्यातून फक्त मासेच सुटतात." सगळे हसले. तीही हसली, आणि मानेपर्यंत लाल झाली.

ज्या बाईमुळे हे लिहितोय तिचं नाव मी इथे नोला असं लिहितो. ते तिचं नाव नाही. तळ्याचं नावही मी लिहिणार नाही.

मे महिन्यातला पहिला शनिवार, हंगामाचा पहिला दिवस. सकाळी साडेसहाला रांग दारातून बाहेर, पार पेट्रोलच्या पंपापर्यंत गेली होती. नोला माझ्या पुढे होती. चाळिशीची, बारीक, पुरुषी कोट घातलेली. हिवाळ्यातच गावात आली होती आणि तळ्याच्या पश्चिमेला एक लाकडी खोली भाड्याने घेऊन राहत होती. कोणाकडे जायची नाही, पण बर्फ वितळल्यापासून रोज धक्क्यावर बिनआमिषाचा गळ टाकून बघताना दिसायची, तेही शिकून नाही तर जन्मजात येत असल्यासारखी.

"परवाना लागतोच ना?" तिने विचारलं.

"दोन मासे पकडणार असाल तर नाही पकडणार कोणी तुम्हाला," आर्लिस म्हणाली. "पण तुम्ही दोनवर थांबणाऱ्या दिसत नाही."

नोला हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "नको, कायद्याने असलेलं बरं. मला कुठल्या भानगडीत पडायचं नाही."

तिने पत्ता सांगितला, पण अगदी हळू. आर्लिसने "काय म्हणालात?" असं दोनदा विचारलं. माझ्या हातात आमिषाची पिशवी होती आणि मागून लोक ढकलत होते. मी म्हणालो, "आर्लिस, माझे मासे म्हातारे होऊन मरतील गं. आवर."

"तू आधी मरशील, गस. गप उभा राहा," ती म्हणाली. आणि तिने 'हो' दाबला. मी तिच्या बोटाकडे बघत होतो. पडदा वळला नाही.

ऑगस्टमध्ये मंडळाचं पाकिटांचं काम असतं. शरदातल्या मेजवानीची निमंत्रणं आमच्याकडे हातानेच लिहितात. छापील पत्ता असलेलं पाकीट लोक चुलीत घालतात, हाताने लिहिलेलं उघडतात, हे रॉयने ठरवलेलं. मंडळाच्या मुख्य कचेरीतून नावांच्या याद्या येतात, रविवारी प्रार्थना आटोपल्यावर चर्चच्या तळघरात लांब टेबलं मांडतात, आणि पंधरा-वीस जण बसून पत्ते लिहितात. ओव्हनमध्ये भाजलेला बटाट्याचा हॉटडिश असतो, आर्लिसच्या लिंबाच्या वड्या असतात.

त्या वर्षी खालच्या जिल्ह्यातल्या शाखेतून एक माणूस मदतीला आला होता. नाव लायल. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ. त्याचं अक्षर फार सुंदर होतं, जुन्या काळच्या शिक्षिकांचं असावं तसं. आर्लिस त्याच्या मागे उभी राहून बघतच राहिली.

"मर्व्ह, बघ जरा. नाहीतर तुझी पाकिटं. पोस्टमनला वाटतं कोंबडी चालून गेली."

"मग त्यालाच दे की सगळी," मर्व्ह म्हणाला.

"माझी काही हरकत नाही," लायल म्हणाला. "तुमच्या तळ्याकाठची पानं द्या हवी तर. मी निवांत आहे."

आर्लिसने त्याला पश्चिम किनाऱ्याचं पान दिलं, आणि वर दोन वड्या जास्त दिल्या. मी त्याला कॉफी ओतली.

आठ दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास, नोला दुकानात आली. मी स्टुलावर होतो. आणखी कोणी नव्हतं. तिने गल्ल्यावर एक पाकीट ठेवलं आणि हात लगेच मागे घेतला, जणू ते तापलेलं असावं.

"हा पत्ता तुमच्याकडून गेला का?"

आर्लिसने चष्मा लावला. "हे तर मेजवानीचं निमंत्रण आहे. अहो, या ना तुम्ही. यंदा हरणाचं..."

"हे अक्षर माझ्या नवऱ्याचं आहे."

नोलाने पाकिटातून कार्ड काढलं. छापील मजकुराखाली त्याच सुंदर अक्षरात एक ओळ होती. 'मासे लागतायत ना?'

"दीड वर्ष झालं," ती म्हणाली. "फोन नाही, बँक नाही, बहिणीलासुद्धा सांगितलेलं नाही. फक्त परवाना काढला." मग तिने अगदी सरळ विचारलं, आवाज न चढवता, "तुम्ही मला विचारलं होतंत का? पत्ता द्यायचा का म्हणून?"

यानंतरचं मी बरेचदा मनात वेगळ्या तऱ्हेने घडवून पाहिलेलं आहे. घडलं ते असं.

आर्लिस म्हणाली, "विचारलं असणारच. विचारावंच लागतं." तिची मान लाल झाली होती. आणि ती माझ्याकडे वळली. "गस होता की मागे. गस, विचारलं होतं ना मी?"

एकेचाळीस वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. तिचे डोळे मी बघितले आणि म्हणालो, "हो. ती सगळ्यांनाच विचारते."

नोलाने माझ्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे. तिचा चेहरा रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता विझला. एखादी पायरी चुकली की माणूस पायरीकडे न बघता आपल्याच पायाकडे बघतो, तसं तिने खाली पाहिलं.

"मग मीच हो म्हटलं असणार," ती म्हणाली. "मला आठवत नाही हल्ली. तो म्हणायचाच. तुझं तुलाच आठवत नाही."

तिने पाकीट उचललं, "सॉरी हं," म्हणाली, आम्हाला म्हणाली, आणि गेली. दाराची घंटी वाजली.

दुपारपर्यंत मी स्टुलावरच होतो. एक गिऱ्हाईक गांडुळं घेऊन गेलं. मग आर्लिस म्हणाली, "तू खोटं का बोललास?"

"तू विचारलंस म्हणून."

"हो," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "हो."

तिने दुकानाला कुलूप लावलं. ऑगस्टच्या भर दुपारी तिने दुकान बंद केलेलं मी रॉयच्या अंत्यसंस्कारानंतर पहिल्यांदा पाहिलं. आम्ही माझ्या ट्रकमधून पश्चिम किनाऱ्याला निघालो. वाटेत ती ओठ हलवत होती. काय म्हणायचं ते पाठ करत होती. मी विचारलं नाही. 'मी विचारलं नव्हतं, आणि हाही खोटं बोलला.' एवढंच तर म्हणायचं होतं. साडेअकरा मैलांत ते पाठ होण्यासारखं होतं.

खोलीचं दार उघडं होतं. पलंगावर घडी केलेलं पांघरूण. ओट्यावर घरमालकासाठी किल्ली. धक्क्यावर गळाची काठी दोरा गुंडाळून व्यवस्थित उभी ठेवली होती, न्यायला जमणार नाही म्हणून कोणाला तरी उपयोगी पडावी अशी. गाडी नव्हती. पायऱ्यांवर उभं राहून आर्लिस पाठ केलेलं वाक्य एकदा मोठ्याने म्हणाली. समोर फक्त मी होतो.

लायल दुसऱ्या दिवशी आला. दुकानात शिरून त्याने एक डझन बारके मासे मागितले. आर्लिसने जाळी बुडवली. जाळीत नऊच आले.

"पश्चिमेला ते लाकडी घर आहे ना, तिथे एक बाई राहते. आमच्या ओळखीतली आहे," तो म्हणाला. "कुठे गेली काही कळलं?"

"माझ्याकडून कोणालाच काही कळायचं नाही," आर्लिस म्हणाली. "आता."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी कॉफीच्या कपात पाहिलं. तो हसून 'थँक यू' म्हणाला आणि पिशवी न घेताच गेला.

शेरीफकडे आम्ही गेलो. त्याने लिहून घेतलं आणि विचारलं, यात नेमका गुन्हा कुठला? निमंत्रण पाठवणं? मर्व्हकडे गेलो तर त्याचा चेहरा उतरला, पण तोही म्हणाला, "आर्लिस, यादीत तिचा होकार आहे. आपण नियम मोडलेला नाही." मग डोकं खाजवून म्हणाला, "तो यंदा चार शाखांमध्ये पाकिटं लिहायला गेला होता. आम्ही म्हणत होतो, किती कामसू माणूस."

आर्लिसने लाकडी बदक मर्व्हच्या टेबलावर ठेवलं. "यासाठी दिलेल्या नावांतले किती होकार खरे होते ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "तुलाही नाही." मर्व्हला वाटलं ती दमली आहे. त्याने तिला एक महिना विश्रांती घ्यायला सांगितलं. गावालाही तेच वाटलं. कारण आम्ही गावाला लायलचं आणि पाकिटाचं सगळं सांगितलं, पण गल्ल्यावरचं माझं वाक्य सांगितलं नाही. तिने ते माझ्यासाठी वगळलं, आणि मी तिला वगळू दिलं.

पुढच्या मे महिन्यात पहिल्या शनिवारी रांग पुन्हा पंपापर्यंत गेली. आर्लिस प्रत्येकाकडे पडदा वळवत होती आणि पूर्ण प्रश्न वाचत होती, अगदी सावकाश. "चालेल का?" म्हणून उत्तराची वाट बघत होती. लोक वैतागले. "दाब गं ते, आर्लिस, गेली वीस वर्षं काय विचारत होतीस?" असं कोणी तरी म्हणालं. ती म्हणाली, "नव्हते विचारत." लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला.

दुपारी रांग संपल्यावर ती यंत्रासमोर उभी राहिली. राज्यात कुठेही परवाना काढला तरी नाव टाकलं की त्या यंत्रात दिसतं. तिने नोलाचं आडनाव लिहिलं. खरं आडनाव, जे मी इथे लिहिलेलं नाही. शेवटचं बटण तेवढं बाकी होतं.

"दाब," मी म्हणालो. "नुसता पत्ता कळू दे. आपण पत्र टाकू. तिला सांगायला हवं की ती हो म्हणाली नव्हती. तिला तेवढं कळायला हवं, आर्लिस."

"कुठल्या अक्षरात लिहू पत्ता?"

"काय?"

"पुन्हा एकदा तिच्या दारात हाताने लिहिलेलं पाकीट पडेल. तिने न दिलेल्या पत्त्यावर." ती माझ्याकडे बघत नव्हती. "ती ते उघडून वाचेपर्यंत थांबेल असं वाटतं तुला? ती पुन्हा सामान बांधेल."

"निदान जिवंत आहे का ते तरी बघ."

"त्यालाही तेवढंच बघायचं असेल."

तिने एकेक अक्षर पुसलं. शेवटच्या अक्षराशी बोट थांबलं, मला वाटतं पुष्कळ वेळ, आणि मग तेही गेलं. बाहेर कोणीतरी ट्रकचा भोंगा वाजवत होतं. आर्लिसने हात टाकीत घातला आणि नुसता पाण्यात ठेवून उभी राहिली.

कुठेतरी, कुठल्यातरी तळ्याकाठी, किंवा तळ्यापासून शक्य तितक्या लांब, एक बाई अजून असं समजून राहते आहे की ती स्वतः हो म्हणाली. तिला खरं काय ते सांगण्याचा एकच रस्ता आम्हाला ठाऊक आहे, आणि त्या रस्त्याने आधी कोण गेलंय तेही.