घरी पाहुणे आहेत

लग्नात हार घालायची वेळ झाली, की माझ्याकडचा हा पोरगा कॅमेरा घेऊन मांडवाच्या मागं गेलेला असायचा. तिथं आचारी, चपला राखणारी म्हातारी, रुसून बसलेला मामा. मी ओरडायचो, "अबे, हार घालून राहिले तिकडं!"

"हार तं सारेच पाहतेत भाऊ. याईले कोण पाहीन?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यावर नीट चिडताही येत नाही. भंडाऱ्यातल्या माझ्या फोटो स्टुडिओत तो सहा वर्षं होता. मूळचा बपेऱ्याचा, धानाची शेती असलेल्या घरातला. त्याचा व्हिडिओ पाहून नवरीचा बाप माझ्याशी भांडायचा. नवरीची आई मात्र त्यातला रुसलेल्या भावाचा भाग पुन्हा लावायला सांगायची आणि डोळे पुसायची.

पुढं तो मुंबईला गेला, सिनेमे करू लागला. पहिलं बक्षीस घेतानाचा त्याचा फोटो मी दुकानात लावला. मग एका मुलाखतीत त्यानं सरळ सांगितलं, की आपण समलिंगी आहोत, एका पुरुषासोबत संसार करतो. दुकानात लोक हसले. मीही हसलो. त्याच संध्याकाळी फोटो उतरवला.

गेल्या वर्षी त्याचा सिनेमा भंडाऱ्यात दाखवायचं ठरलं. त्याचा फोन आला. "भाऊ, आम्ही दोघं येऊन राहिलो. एक रात तुमच्याकडं थांबू का? लॉजवाला नाही म्हणते."

"घरी पाहुणे आहेत ना रे."

घरी मी आणि बायको, दोघंच होतो.

"बरं भाऊ. वहिनीले नमस्कार सांगा."

अंगात कसकस आहे म्हणून मी सिनेमालाही गेलो नाही. बायको एकटी गेली. त्या दोघांनी रात्र एसटी स्टँडच्या बाकावर काढली, हे मला नंतर एका ऑटोवाल्यानं सांगितलं.

आठवड्यानं त्याची आई बपेऱ्याहून दुकानात आली. हातात नव्या तांदळाची पिशवी.

"पोरगा सांगे, भाऊनं दोघायलेबी घरी ठेवलं, पोटभर जेवू घातलं. माह्या सख्ख्या भावानं दारात उभं नाही केलं. तुमी केलं." तिनं हात जोडले.

खरं सांगायला मी तोंड उघडलं. "चहा घेता का?" एवढंच निघालं.

त्यानंतर तो भंडाऱ्याला आला नाही. तांदूळ मी घरी नेला, कुणी दिला, का दिला तेही सांगितलं. बायकोनं भात केला, माझ्या ताटात वाढला आणि स्वतः न जेवता उठून गेली.