मूळ मुंबईकर

परळला आमच्या समोरच्या खोलीत एक ख्रिस्ती शिंपी राहत. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांचे दिवस होते. दातांत दोरा धरून ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत, "तुम्ही कोकणातले, तुम्ही घाटावरचे. मूळ मुंबईकर काय तो मी!" मला तो तोरा मुळीच आवडत नसे.

एकदा कोणीतरी पुरावा मागितला. मास्तर मशीन बंद करून उठले आणि चर्चमध्ये जाऊन गेल्या शतकातल्या नोंदी चाळत बसले. आजोबांचा बाप्तिस्मा मिळाला, मग पणजोबांचं दफनही मिळालं.

संध्याकाळी त्यांनी गॅलरीतच सगळ्यांना सांगितलं, "पणजोबांना इथेच पुरलंय. जन्म मात्र सुरतेचा."

ही शेवटची गोष्ट गिळली असती तर कोणाला कळणार होतं? आमच्यापैकी कोण जाऊन ती नोंद बघणार होतं? त्या दिवसापासून मी त्यांना मानू लागले.

चाळीत हशा पिकला. "म्हणजे मास्तर, तुम्ही गुजरातचे निघालात की! आता उद्या मोर्चाला येणार का?"

"येणार तर! म्हाताऱ्याला परत जायचं असतं, तर तो इथे मरेपर्यंत थांबला असता का?"