दुसरं माप

हुलसूरच्या रस्त्याला आमचा वजनकाटा आहे. गाडी काट्यावर चढली की खोलीतल्या कॉम्प्युटरवर वजन उठतं, आणि तो पावती काढतो. शाळा मी चौथीत सोडली, पण मापाच्या बाबतीत मला शिकवणारा ह्या भागात अजून भेटला नाही. कोणाला वजनाचा संशय आला तर मी भांडत नाही. गाडी खाली उतरवायची, काटा शून्यावर येऊ द्यायचा, मग परत चढवायची. दुसरं माप पहिल्याला मिळालं की तोंडं आपोआप बंद होतात.

गेल्या सोयाबीनच्या सुगीत गाड्या रस्त्यापलीकडच्या नव्या काट्यावर जायला लागल्या. भरलेली गाडी माल टाकून रिकामी परत आली की तिचं पहिलं वजन जुन्या नोंदींतून शोधावं लागतं, आणि आमचा कॉम्प्युटर तिथंच अडायचा. ट्रॅक्टरवाला आत येऊन बसायचा, तंबाखू मळायचा, घरचं, शेताचं, बोअरच्या पाण्याचं सगळं सांगून व्हायचं, तरी पावती आलेली नसायची. ज्यांना बोलायची हौस होती ते माझ्याकडं राहिले, बाकीचे पलीकडं गेले.

पोरगा म्हणाला, अप्पा, हे डबडं काढून टाकू, न्हाई तर काटाच बंद करावा लागंल. मी म्हणालो, कॉम्प्युटर चांगला आहे, माणसांनाच दम राहिला नाही. तो कॉम्प्युटर मी स्वतः उदगीरला जाऊन पसंत करून आणलेला. त्यावरून बापलेकाचं बोलणं कामापुरतंच उरलं.

दसऱ्याला धाकटी लेक कलबुर्गीहून आली. ती तिकडं एका कंपनीत मोठमोठे कॉम्प्युटर सांभाळते. व्हायरसला कंटाळून आमच्या कॉम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स तिनंच घातलेलं. तिनं भावाचं ऐकलं, माझं ऐकलं, आणि म्हणाली, मोजून बघू. आत एक डिस्क असते, सगळ्या नोंदी तिच्यावर असतात, आणि ती एका सेकंदात किती वाचते ते मोजता येतं. हे मला पटलं. दोघांच्या समोर मी बोलून गेलो, माप जे म्हणंल ते मान्य.

तिनं काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिली आणि डिस्कला एक मोठी फाईल वाचायला लावली. आम्ही बघत बसलो. बऱ्याच वेळानं आकडा आला, तो शंभरालाही पोचलेला नव्हता. नवी डिस्क ह्याच्या कितीतरी पट वाचते म्हणे. पोरगा गालातल्या गालात हसला.

मी म्हणालो, परत कर. एका मापावर मी कोणाला जाऊ दिलेलं नाही.

तिनं तीच ओळ परत चालवली. ह्या खेपेला बटण दाबलं न दाबलं तोच आकडा आला, आणि तो हजारांत होता. मी पोराकडं वळलो. "आता बोल, कोण डबडं हाय?" लेक म्हणाली, हे माप धरायचं नाही. एकदा डिस्कवरून वाचलेलं कॉम्प्युटर मेमरीत ठेवून घेतो. तेच परत मागितलं तर तो डिस्ककडं जातच नाही, हातातलं पुढं करतो.

मी ऐकेना. हळू आलं ते खरं आणि झटक्यात आलं ते खोटं, हे कुठलं माप? तू भावाची बाजू घ्यायलीस, असंही म्हणालो.

ती चिडली नाही. म्हणाली, "अप्पा, गाडी अजून काट्यावरच उभी हाय. खाली न उतरवता दुसरं माप धरायलाव व्हय तुम्ही?"

हेच मी जन्मभर गाड्यावाल्यांना सांगत आलो, आणि ह्याच खोलीत बसून अभ्यास करताना तिनं ते ऐकलेलं. म्हणालो, उतरव मग. तिनं मेमरी रिकामी केली, तीच ओळ परत चालवली. आकडा पहिल्याच्या जवळपास येऊन बसला.

मी उठून बाहेर आलो. काट्यावर गाडी नव्हती, पलीकडं रांग होती. मनात आलं, आपलंही असंच चाललंय की. रोज येणाऱ्या माणसाचं गाव, गाडी मी चटकन सांगतो आणि अजून डोकं शाबूत आहे म्हणून मिरवतो. पण कोणी वर्षांनी येऊन "ओळखलं का अप्पा?" म्हणाला, की मी आधी त्याच्याकडं तंबाखू मागतो. तो मळेपर्यंत आठवतं. कधी त्यानं मळून दिली तरी आठवत नाही. मग गावाकडची खुशाली विचारत बसतो, नाव त्याच्याच तोंडून निघेल म्हणून. पडद्यावरचा हजारांचा आकडा मला इतका गोड का लागला ते तिथं उभं राहून कळलं.

आत जाऊन सांगितलं, डिस्क बदला. कॉम्प्युटर तोच राहील, कारण माप डिस्कचं घेतलंय, डब्याचं नाही. पोरगा हसला आणि हो म्हणाला. नवी डिस्क बसल्यावर तिचंही माप मी दोनदा घ्यायला लावलं, मधे मेमरी रिकामी करून. दोन्ही आकडे एकमेकांना मिळाले.

दुसऱ्या दिवशी पहिला ट्रॅक्टर रिकामा होऊन आला. ट्रॅक्टरवाला जुनाच. सवयीनं आत येऊन बसला, तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला, आणि पावती बाहेर आली. तो हातातल्या तंबाखूकडं बघायला लागला.

"झालं व्हय अप्पा?"

"झालं," मी म्हणालो. "पर मळून घे की. मागं गाडी न्हाई अजून."