भिंत ढकलायला लावणारे सर

"सरकलं का? न्हाई ना? मंग काम शून्य."

वडीगोद्रीच्या शाळेतले आमचे विज्ञानाचे सर हे दिवसातून कितीदा तरी म्हणत. वर्गात पोरांना भिंत ढकलायला लावत आणि ती घामाघूम झाली की हा प्रश्न टाकत. तासभर चाललेल्या बैठकीनंतर हेडमास्तरांनाही त्यांनी एकदा हेच विचारले होते. मी मराठी शिकवायचो, त्यामुळे माझे काम तर कायमच शून्य.

अंगाने सर म्हणजे काडी पैलवान. दुष्काळाच्या साली शाळेमागे गावाच्या विहिरीचे खोदकाम चालू होते. आठवीतल्या एका पोरीचा बाप त्या कामावर होता. एका दुपारी विहिरीतला मोठा धोंडा सुटून खाली घसरला आणि पोरीच्या बापाचा पाय कपारीत अडकला. धोंडा आणखी वीतभर घसरता, तर माणूस चिरडलाच असता. आम्ही काठावरून नुसते ओरडत होतो. सर चपला काढून खाली उतरले, समोरच्या खडकात पाय रोवले आणि धोंड्याला पाठ लावली. तिथे दुसऱ्या माणसाला जागाच नव्हती.

दगड उचलायची यारी शेजारच्या शिवारातून आणून उभी करेपर्यंत ऊन कलले. सरांचे पाय लटलट कापत होते, सदऱ्यावर रक्त आले होते.

"सर, दम धरा," आम्ही म्हणायचो.

"बोलू नका. यारी आणा जल्दी."

धोंडा तसूभर हलला नाही. एवढ्याशा देहात एवढे बळ कुठून आले, मला आजही कळत नाही. त्या माणसाचा जीव वाचला. पाय मात्र अधू झाला.

पंधरवड्याने सर शाळेत आले, तर धडा नेमका तोच, कामाचा निघाला. सरांच्या आणि माझ्या वर्गाच्या मध्ये पत्र्याचाच आडोसा होता, सगळे ऐकू यायचे.

"माणसानं ताकद लावली, धोंडा जागेवरच राह्यला. काम किती?" सरांनी सवयीने विचारले, आणि उभी राहिली ती नेमकी तीच पोरगी.

ती वहीची पाने उलटू लागली, तेवढे ऐकू आले.

"येतंय ना तुला?"

"येतंय सर."

"मंग सांग की."

"मी न्हाई म्हणणार सर, शून्य."

माझ्या वर्गातल्या पोरांनीही माना पत्र्याकडे वळवल्या.

"उत्तर शून्यच हाय, बाळ," सर हळूच म्हणाले. "पण तू नको म्हणूस. बस."

त्या उन्हाळ्यात सरांची बदली झाली. त्यांची पुस्तकांनी भरलेली ट्रंक एसटीच्या टपावर चढवायला पोरीचा बाप आला. लंगडत लंगडत शिडी चढला, कुणाला हात लावू दिला नाही. सर खाली उभे राहून वर बघत होते आणि पुन्हा पुन्हा चष्मा पुसत होते.