गफूरची कन्नी

शिरपूरहून येणारी सर्व्हिस मोटार वाशीमच्या अड्ड्यावर थांबली, तेव्हा माझ्या मांडीवर शिवणीच्या झाडाच्या हलक्या लाकडाचा वीतभर तुकडा होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. शिरपूरच्या सुताराने तो दोन दिवस मला ताटकळत ठेवून दिला होता, म्हणून मी जरा घुश्शातच उतरलो. पानवाल्याने मला पाहिलं आणि हातातलं पान खाली ठेवलं. “मास्तर, कुठं होते तुमी? गफूर गेला ना. दुपारीच माती झाली.” मी लाकूड काखेत घट्ट धरलं... ते लाकूड मी गफूरसाठीच आणलं होतं.

गफूर माझा मराठी शाळेतला बाकसोबती. पुढे मी त्याच शाळेत ड्रॉइंग मास्तर झालो आणि तो बापाच्या दुकानात पतंग करू लागला. घरात तो आणि त्याची अम्मी, दोघंच. त्याच्या हाताखालून गेलेला पतंग कधी गिरकी खात नसे. नवा पतंग तो नखावर तोलून बघायचा. एका अंगाला कलला, तर दुसऱ्या अंगाच्या काडीला दोऱ्याचे चार वेढे किंवा कागदाची घडी गुंडाळायचा. त्याला तो कन्नी म्हणे. तेवढी बांधली की पतंग सरळ. मी मात्र रेघ जरा वाकडी गेली की पान फाडणारा माणूस. आमचं कसं जमलं, हे गावाला कोडंच होतं.

लढाईचे दिवस होते. एकदा बाजाराच्या दिवशी विमान फार खालून गेलं. लोक भाजीच्या पाट्या टाकून आडोशाला पळाले आणि गफूर रस्त्यात मधोमध उभा राहून वर बघत राहिला. संध्याकाळी मला म्हणाला, “मास्तर, एवढा मोठा पतंग, अन् मांजा नाई. मले एकडाव बिना मांजाचं काही उडवून पाह्यचं हाय.” शाळेच्या वाचनालयात एक जुनं इंग्रजी मासिक होतं, त्यात रबरावर उडणाऱ्या लहान विमानाचा नकाशा होता. मी तो उतरवून घेतला. बांबूच्या कामट्या त्याच्या, पतंगाचा कागद त्याचा, खळ अम्मीची. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून आम्ही रबर केलं. नाकावरचा लाकडी पंखा तेवढा माझ्याकडे आला. तो रबराच्या पिळाने गरगर फिरायचा आणि विमान ओढायचा.

तिथेच घोडं अडलं. पंख्याची दोन्ही पाती सारख्या वजनाची नसली तर विमान थरथरतं, नाक खाली घालतं. दोन पेल्यांच्या कडांवर दाभण आडवं ठेवून मी त्यात पंखा ओवायचो आणि सोडायचो. जड पातं हळूच खाली जायचं. मी काचेच्या तुकड्याने ते खरडायचो. मग दुसरं खाली जायचं. मग ते खरडायचो. गफूर बाजूला बसून हसायचा. “कायले त्या जड्याच्या मागं लागला बे? हलक्याले थोडं दे ना. कन्नी बांध.” मी चिडायचो. “हा पतंग नाही, गफूर. इतक्या जोरात फिरल्यावर तुझा धागा सुटून जाईल.” तो म्हणायचा, “सुटला तं सुटला. पुन्हा बांधू.”

पावसाळा संपता संपता त्याला खोकला लागला आणि महिन्या-दीड महिन्यात तो खाटेला टेकला. डॉक्टरने मला बाजूला घेऊन काय ते सांगितलं होतं. मी पेले आणि दाभण त्याच्या खाटेजवळ नेलं आणि तिथे बसून खरडू लागलो. मला त्याला दाखवायचं होतं, पण नीट दाखवायचं होतं. एक दिवस तो म्हणाला, “उडव ना आता. कायले खरडून राह्यला? मी काय नुक्स काढणार हाव?” मी म्हणालो, “चार दिवस थांब.” चार दिवस! कोणाच्या जिवावर मी ते मागत होतो? तिसऱ्या दिवशी कागदासारखं पातळ झालेलं पातं माझ्या बोटांत मोडलं. गफूर कूस बदलून पडला. मी म्हणालो, शिरपूरहून शिवणीचं लाकूड आणतो, आणि गेलो. ती आमची शेवटची भेट.

गफूरच्या चाळिसाव्या दिवसाच्या आधी अम्मीने मला बोलावलं. तिने ओढणीच्या टोकात बांधलेली वस्तू सोडून माझ्या हातावर ठेवली. पंखा होता. बांबूचा, ओबडधोबड, चाकूच्या खुणा दिसत होत्या. मी शिरपूरला होतो, त्या दोन दिवसांत त्याने खाटेवर पडल्या पडल्या कोरला होता. एका पात्याच्या टोकाला मांज्याचे सात वेढे होते, वर खळ. “तुह्या हातात द्यायले सांगून गेला,” अम्मी म्हणाली. “म्हणे, मास्तरले सांग, खरडू नको.”

मी तिथेच पेले मागितले. पंखा दाभणावर सोडला. तो आडवाच राहिला.

खाटेखाली ठेवलेलं विमान काढून मी तो त्याच्या नाकावर बसवला आणि दारासमोरच्या मैदानात रबराला पीळ दिला. विमान सुटलं, जरा डगमगलं, मग वर चढलं, निंबाला वळसा घालून पलीकडच्या गवतात टेकलं. उंबऱ्यात बसलेल्या अम्मीला आता लांबचं दिसत नाही. तिने विचारलं, “उडलं?” मी म्हणालो, “उडलं, अम्मी.” “मांजा नव्हता ना?” “नव्हता.” ती मान हलवत राहिली आणि मी विमान आणायला गेलो, कारण मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

शिवणीचा तुकडा अजून तसाच कागदात आहे. शाळेतून आलो की मी दोन पेले मांडतो आणि गफूरचा पंखा दाभणावर सोडून बघतो. गवतात पडून एका पात्याला ओरखडा आला आहे, पण पंखा कुठल्याच अंगाला कलत नाही. मला तुझी फार आठवण येते, गफूर... धागा सुटला नाही. एवढं तुला सांगायचं राहून गेलं.